कोपऱ्याकडे बघणारं कुत्रं

आमच्या घरी कुत्रं आलं ते माझ्या हट्टानं, आणि वडिलांनी त्याला आपलं मानलं ते एका चुकीच्या समजुतीनं. त्या समजुतीपायी ते मरता मरता वाचलं. तरी ते दिवस आठवले की मला आधी राग येत नाही. आधी मोहोराचा वास येतो, पडवीत तिरकं पडलेलं ऊन दिसतं आणि त्या उन्हात शेपटी हळूहळू हलवत उभं असलेलं एक तांबूस कुत्रं दिसतं. राग नंतर येतो. तो मात्र येतोच.

रत्नागिरी शहराबाहेर, हायवेपासून हाकेच्या अंतरावरच्या वाडीत आमचं घर. मी बँकेत नोकरी करते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि आई गेल्यापासून घरात मी आणि ऐंशीला टेकलेले वडील. दोघंही तोंडाळ. बापलेकीला भांडायला विषय पुरेना म्हणून हिनं कुत्रं आणलं, असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खरं कारण वेगळं होतं. मी संध्याकाळी घरी यायची तोवर ते पडवीत एकटेच बसून असायचे, आणि एकदा मी फाटक उघडलं तेव्हा ते खांबाशी बोलत होते. मला ते बघवलं नाही.

भटकी कुत्री सांभाळणारी एक बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड टाकून राहते. मी गेले होते पिल्लू आणायला. पिल्लं पायात घोटाळत होती, आणि पलीकडे हे पाचसहा वर्षांचं, एका कानाचं टोक तुटलेलं कुत्रं साधुपुरुषासारखं बसलं होतं.

"त्याला कुणी नेत नाही," बाई म्हणाली. "फिट येतात." मग तिनं एक पांढरी गोळी तळहातावर ठेवून दाखवली. "सकाळी सात, संध्याकाळी सात. जन्मभर. एकदम बंद केली तर फिटमागून फिट येते, थांबत नाही. थांबली नाही तर कुत्रं जातं. जमणार असेल तरच न्या हो ताई."

मला कुणी 'जमणार असेल तरच' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी रिक्षा थांबवूनच ठेवली होती. त्याला घातलं आणि घरी आणलं.

वडील म्हणाले, "एक म्हातारा कमी होता घरात, गोळ्या खाणारा!" आणि दोन दिवस त्याच्याकडे बघितलंही नाही. नाव मी ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही, कारण त्या नावाला त्यानं कधीच ओ दिली नाही.

गोळी किती द्यायची हे डॉक्टरांना नीट ठरवता येईपर्यंत पहिल्या पंधरवड्यात त्याला तीनदा फिट आली. पहिली दिवेलागणीला. पडवीत निजलेलं ते एकाएकी उठलं, उजव्या कोपऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं. कोपऱ्यात काही नव्हतं. तरी ते मान थोडी वाकडी करून बघत राहिलं, आणि मग त्याची शेपटी हलू लागली, अगदी हळू, ओळख पटत असावी तशी. आणि धाडकन आडवं झालं. पाय ताठ, तोंडाला फेस. मी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि घड्याळ बघत बसले. मिनिटभरात ते शांत झालं. वडील मात्र कोपऱ्याकडे बघत होते.

"वळखीचं कोण आल्याशिवाय कुत्रं शेपूट नाय हलवत गो," ते म्हणाले.

"बाबा, मेंदूत बिघाड असतो. फिट यायच्या आधी भास होतात."

"असतील," वडील म्हणाले. ते इतक्या सहज कबूल झाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायचं तर वाडीच्या राखणदाराबद्दल सांगायला हवं. वाडीच्या तोंडाशी एक किंजळीचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी एक काळा धोंडा. तो आमचा राखणदार. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला तो वाडीभोवती फेरी मारतो अशी श्रद्धा. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा आणि सगळ्या वाडीच्या वतीनं मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्याच्याकडे मागणं मागायचं, हा मान वडिलांचा. हायवे रुंद झाला तेव्हा झाड तुटलं आणि धोंडा भरावात कुठे गेला कुणालाच कळलं नाही. तरुण माणसं मुंबईला होतीच, म्हातारी एकेक करून गेली. तेव्हा वडिलांनी मला एकच विचारलं होतं, "आता तो बसायचा कुठं?" मी म्हटलं होतं, "तुम्ही आधी जेवून घ्या."

दुसऱ्या फिटनंतर त्यांनी त्या कोपऱ्यात पाट मांडला. मी हसले. पाट मात्र काढला नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. वडील आता खांबाशी बोलत नव्हते. जेवण झालं की आरामखुर्ची कोपऱ्याकडे वळवून बसत, पायाशी कुत्रं, आणि अर्धवट झोपेत कुणाकुणाची खुशाली सांगत. कोण वारलं, कुणाच्या नातवाला जहाजावर नोकरी लागली, कुणाची कलमं यंदा मोहोरली नाहीत. रविवारी मी आतल्या खोलीत पडून ते ऐकत असे. बाहेर ऊन कातळावर तापत असे, मोहोराचा वास घरभर भरून राहिलेला असे. वडिलांचा आवाज दूर जाई, जवळ येई, आणि कधी कधी त्यांच्या बोलण्यात इतकी बरोबर जागा सुटे की समोरून कुणीतरी उत्तर देतंय असं मलाही वाटे. मी विज्ञानाची पदवीधर बाई. पण उठून बघायला गेले नाही. झोप लागत असे.

मग गोळी लागू पडली. कुत्रं जाडजूड झालं, घोरायला लागलं, भाकरीचा वास आला की मांजरासारखं पायात यायला लागलं. फिट बंद झाल्या आणि कोपऱ्याकडे बघणंही बंद झालं. मला हायसं वाटलं. वडिलांचा चेहरा मात्र उतरला.

"त्याची नजर बांधलीस तू गोळीनं," ते एकदा म्हणाले. मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं.

माघात मावसबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, खेडला. तीन दिवस जाणं भाग होतं. मी वडिलांना दोनदा बजावलं: भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबायची, गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, आणि चुकवलीत तर ते मरेल. "मरेल" हा शब्द मी मुद्दाम वापरला. ते हो म्हणाले. खेडहून मी सकाळ-संध्याकाळ फोन करत होते. "दिली गोळी?" "दिली." माझ्याशी भांडायला ते कधी मागेपुढे बघत नसत, पण खोटं कधी बोलले नव्हते. मी निर्धास्त लाडू वळत बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. फाटकातूनच दिसलं, कुत्रं पडवीत उभं आहे, कोपऱ्याकडे तोंड करून. शेपटी हलते आहे. वडील धुतलेलं धोतर नेसून खुर्चीच्या कडेवर बसलेत, हात जोडलेले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

"आला गो," ते कुजबुजले. "आला."

आणि कुत्रं कोसळलं. मी घड्याळ बघितलं. एक मिनिट, दोन, चार. झटके थांबेनात. जरा थांबल्यासारखे वाटले आणि पुन्हा सुरू झाले. मी ओरडले, "गोळ्या?" वडिलांनी देवघराकडे हात केला. तिथे तांब्याच्या वाटीत त्या सगळ्या होत्या, मी मोजून ठेवल्या होत्या तेवढ्या, वर तुळशीचं पान ठेवलेलं.

शेजारच्यांच्या रिक्षात आम्ही त्याला घातलं. वडिलांनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि धोतर फेसानं भिजत होतं. डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिलं, मग दुसरं. झटके थांबले. "आणखी उशीर झाला असता तर हाताला लागलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "आणि अजूनही सांगत नाही. तीनचार दिवस जाऊ देत. पुन्हा अशी फिट आली तर झेपायचं नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आणलं तेव्हा ते आम्हाला ओळखत नव्हतं. भिंतीवर आपटायचं, गोल गोल फिरायचं, पाण्याचं भांडं तुडवून पुढे जायचं. त्या दिवशी मी वडिलांना बोलू नये ते बोलले. "तुमचा राखणदार मेला बाबा. झाडाबरोबरच मेला. आता ह्याला पण पाठवा त्याच्याकडे." त्यांनी तुडवलेलं पाण्याचं भांडं उचललं आणि पुन्हा भरायला गेले. प्रत्युत्तर न देणारे वडील मला ठाऊक नव्हते. दोन दिवस आम्ही एकमेकांना ताटं वाढली, तेवढंच. गोळी मीच देत होते.

तिसऱ्या दिवशी बँकेतून आले तेव्हा ऊन उतरलं होतं. वडील अंघोळ करून पडवीत उभे होते, कोपऱ्याकडे तोंड करून. पाटावर नारळ. कुत्रं त्यांच्या मागे गोधडीवर पडलेलं. मी चपला काढता काढता थांबले. ते गाऱ्हाणं घालत होते. एके काळी हा आवाज वाडीच्या पार टोकाला ऐकू जायचा. आता घरापुढच्या खळ्यापर्यंतही पुरता पोचत नव्हता.

"बा राखणदारा महाराजा, आज जो काय हा नारळ तुझ्या पुढ्यात ठेवलाय, तो मान्य करून घे."

आणि ते थांबले. गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला जमलेल्या माणसांनी 'होय महाराजा' म्हणायचं असतं. माणसांनी होकार भरला नाही तर मागणं पोचत नाही. जन्मभराच्या सवयीनं ते थांबले होते. हायवेवरून एक ट्रक गेला.

"तू आलास. ह्या मुक्या जनावरानं तुला वळखलान. पण त्याला ते सोसत नाय."

पुन्हा थांबले.

"तुला बसायला जागा नाय, मला ठाऊक हाय. तरी महाराजा, आजपास्नं ह्या पडवीत येऊ नको." त्यांनी हातातलं पंच्याचं टोक तोंडाला लावलं आणि खाली केलं. "मी गेल्यावर माझ्या पोरीला कोण नाय. तेवढं कुत्रं तिच्याजवळ ठेव."

मी इतके दिवस समजत होते की कुत्रं मी त्यांच्यासाठी आणलं.

ते वाट बघत उभे होते. मान वळवून बघणार नव्हते, तशी रीत नाही. मी देवाला हात न जोडणारी बाई; चपला तिथेच टाकल्या, पायरी चढून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि वाडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "होय महाराजा!"