रोजचे दहा शब्द आणि आमचा ढवळ्या

केडगावात मी इंग्रजी शब्द गोळा करायला आले होते, किस्से गोळा करायला नाही! पण वहीतले निम्मे शब्द आता विसरले, आणि किस्से मात्र सगळे जसेच्या तसे आहेत. सांगायला कोणी भेटत नाही म्हणून साठले, दुसरं काय!

तयारी लॉच्या एंट्रन्सची. आई-अण्णा पाथर्डीकडचे, दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. यंदा माझा नंबर लागला नाही तर पुढच्या हंगामात माझ्याही हातात कोयता, हे घरात कोणी बोललं नव्हतं. पण माहीत सगळ्यांना होतं. क्लासच्या सरांचा एकच नियम, "रोज दहा शब्द! आणि प्रत्येक शब्द एका जिवंत माणसाला सांगायचा. भिंतीला सांगाल तर भिंतच पास होईल!"

*

रूमवर जिवंत माणूस म्हणजे पारनेरची पल्लवी. तिला जिथं तिथं चिठ्ठ्या चिकटवायचा नाद. एकदा तिनं घरमालकीण काकूंच्या दारावर 'टॅसिटर्न' लिहून चिकटवलं. टॅसिटर्न म्हणजे अबोल. आणि काकू? दळण टाकायला गेल्या की गिरणीवाला कंटाळून गिरणी बंद करायचा!

काकूंना वाटलं, लाईट तोडायची नोटीस आली. चांगली साडी नेसून थेट वीज ऑफिसात. तिथल्या साहेबानं मोबाईलमध्ये अर्थ बघून सांगितला. काकू खूश! "बघा, ऑफिसातनं सांगितलंय, मी कमी बोलते!" हे त्या गल्लीला दोन दिवस सांगत होत्या.

*

एकदा आमचं बादलीवरून कडाक्याचं भांडण झालं. पल्लवी ओरडली, "यू आर इन्सफरेबल!" म्हणजे असह्य.

मी वही काढली. "थांब, तो शब्द गुरुवारचा आहे. आज मंगळवार."

"मग गुरुवारी भांडू!"

गुरुवारी दोघींनाही आठवेना, भांडण कशावरून होतं. तुळशीची लग्नं लागली आणि पल्लवीचंही जमलं. ती गेली, कॉट राहिली. काकूही महिनाभर लेकीकडं गेल्या. पहिल्या दिवशी मी दहा शब्द त्या रिकाम्या कॉटला सांगितले आणि मग खूप रडले. परीक्षेची भीती वाटत नव्हती एवढी त्या खोलीची वाटायची.

*

मग आईला फोन लावायला लागले. दुपारी उसाच्या फडात ती भाकरी खायला बसली की लावायचा. मी शब्द सांगायची, ती प्रत्येकाला "व्हय" म्हणायची.

"आई, समजतंय का?"

"न्हाई. तू बोल. घसा बसलाय का गं तुझा?"

एक दिवस तिनंच विचारलं, "ढवळ्या सकाळधरनं बसलाय, उठंना. असल्याला तुझ्या इंग्रजीत काय म्हनत्यात?"

ढवळ्या म्हणजे घोडेगावच्या बाजारातनं आणलेला आमचा बैल. मी म्हटलं, "ऑब्स्टिनेट. हट्टी."

दुसऱ्या दिवशी आई सांगते, "समदी टोळी त्याला आपटिनेट म्हनतीय! हाक मारली की उठतोय बी!"

*

परीक्षेत, खरं सांगते, अकरावाच प्रश्न: ऑब्स्टिनेटचा समानार्थी शब्द. मला खुदकन हसू फुटलं. सुपरवायझर मॅडम जवळ आल्या. "काय झालं?"

"काही नाही मॅडम, आमचा बैल आला."

चार पर्यायांत ढवळ्या नव्हता, तरी उत्तर बरोबर आलं! बाहेर आल्यावर हे कोणाला तरी सांगायचं होतं. गेटवर सगळ्यांचे आई-बाप उभे होते. मी रिक्षा केली आणि रूमवर आले.

आईला फोन करून एवढंच सांगितलं, "पेपर चांगला गेला." मग दोन दिवस नुसती झोपले. शब्द नव्हते, तर फोन कशाला करायचा? दमलेल्या बाईचा भाकरीचा वेळ खायचा कशाला?

*

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आईचा. नेहमी मीच लावायची, तिकडनं कधी आला नव्हता.

"आगं, आज शब्द न्हाई?"

"आई, परीक्षा झाली ना. संपले शब्द."

"व्हय की. इसरलेच."

मागं बायकांचा आवाज येत होता. कोणीतरी ढवळ्याला हाक मारत होतं. मला वाटलं, आता ती ठेवील. ठेवला नाही.

"मंग एखादा जुनाच सांग की!"