लॅबच्या दारावरचा शब्द

पेशंट बरा झाला की घरी जातो. किस्से मात्र डिस्चार्ज घेत नाहीत! धडगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझ्याकडे असे ढीगभर जमलेत. त्यातले एकाच शब्दाचे हे काही.

* * *

लॅब टेक्निशियन वैशाली शहाद्याकडची, नर्स रोशनी विसरवाडीची. दोघी एकाच क्वार्टरमध्ये राहायच्या. एका सकाळी लॅबच्या दारावर कोणीतरी खडूने लिहून ठेवलं, ‘लेस्बियन’!

वैशाली वाचून पांढरीफटक पडली. रोशनी स्पिरिटचा बोळा घेऊन धावली, पण घाईत शब्द पुसायच्या ऐवजी पसरत होता. ओपीडीची सगळी रांग माना उंचावून वाचत होती.

रांगेतला एक म्हातारा पुढे सरकला. "मॅडम, ही टेस्ट उपाशीपोटी करायची का?"

* * *

दुपारी चहाला कोणी कोणाकडे बघेना. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "ती शिवी नाहीये. ग्रीसमध्ये लेस्बोस नावाचं बेट आहे. फार पूर्वी तिथली एक कवयित्री बायकांवरच्या प्रेमाच्या कविता लिहायची. त्या बेटावरून शब्द आला."

आमचे फार्मासिस्ट विचारात पडले. "म्हणजे तिथले पुरुष पण लेस्बियन?"

"पत्त्याने, हो!"

* * *

मग आमच्या इन्चार्ज बाईंनी रोशनीला बोलावलं. दार लावलं. मी आतच होते.

"खरं आहे का गं?"

रोशनी खाली बघत नव्हती. "हो, मॅडम."

बाईंनी रजेचं रजिस्टर पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "बरं. पण दोघींनी एकदम रजा मागायची नाही, सांगून ठेवते!"

* * *

बातमी घरी पोचलीच. वैशालीचा भाऊ जीप करून घाट चढून आला.

"मन्ही बहीण कोठे शे? आनि ती नर्स कोन शे? आज तिले सोडाव नही!"

वैशाली ग्लोव्हजसकट बाहेर आली. "मी घर येवाव नही, दादा."

त्याने हात उचलला, आणि तसाच मटकन खाली बसला. घाटातली वळणं, त्यात पोट रिकामं. शुद्धीवर आला तेव्हा सलाईन चालू होतं आणि मनगट एका सिस्टरच्या हातात.

"ताई, तुमनं नाव काय?"

"रोशनी. हात हलवू नका, सुई निघेल."

* * *

महिनाभराने वैशालीची आई एकटीच आली. क्वार्टरमध्ये भिंतीला टेकून बसली. पाणीसुद्धा घेईना. रोशनी दारातच उभी, वैशाली स्टोव्हपाशी, मी मध्ये.

"तो शब्द काय शे? माले सांगा."

मी सांगितलं. बाईला बाईच आवडते. जीव तिच्यावरच जडतो. संसारही तिच्याशीच करावासा वाटतो.

"याले शब्द शे?"

"आहे, मावशी."

तिने तो हळूहळू म्हणून पाहिला. लेस-बि-यन. दोनदा. मग पदराने तोंड पुसलं.

"सखूले सांगाले पायजे व्हतं."

"कोण सखू, आई?" वैशालीने विचारलं.

आई पिशवी उचलून उभी राहिली. "चाल, मन्ही जीप चुकी जाई."