चेंडू चिकटलाय की सुटा आहे

पूल खेळायच्या टेबलांच्या काठातलं रबर बदलायचं आणि वर नवं कापड ताणून बसवायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. म्हणून सगळे त्यांना रबरकाका म्हणत. पूलच्या हॉलमध्ये मात्र त्यांना मान होता तो वेगळ्याच कामासाठी. चेंडू काठाशी जाऊन थांबला, की तो काठाला चिकटलाय की मध्ये केसाएवढी फट आहे, हे काका सांगत. खेळणारे भांडत, काका एक डोळा मिटून वाकून बघत आणि म्हणत, "चिकटलाय," किंवा "सुटा आहे." की झालं, काळ्या दगडावरची रेघ.

एवढ्याशा फटीचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याचा डाव तिथे अडकलाय त्याला विचारा. चेंडू सुटा असला तर फटका मारायच्या पांढऱ्या चेंडूने त्याला हलकेच काठावर टेकवून वेळ मारून नेता येते. चिकटलेला असला तर ती पळवाट बंद. मग तो टेबलाच्या खिशात तरी घालायचा, नाहीतर कुठला तरी चेंडू दुसऱ्या काठापर्यंत न्यायचा, आणि त्यात भलेभले तोंडघशी पडतात.

चिकटलेला चेंडू खिशात घालायचा फटका काकांनी आपल्या मुलीला शिकवला होता. ती छापखान्यात पुस्तकं बांधायची, त्यामुळे हात मुळातच स्थिर.

"चेंडूवर नेम धरू नकोस," काका सांगत. "चेंडू आणि काठ भेटतात तिथे धर. पांढऱ्याने दोघांना एकदम शिवलं पाहिजे. जमलं तर एकच आवाज येतो. दोन आले की समज, फसलं."

"आणि पांढराच काठाला चिकटला असला तर?"

"मग काठीचं बूड जरा वर, बोटं काठावर पसरून, मागे थोडंच ओढायचं. जोर दाखवायचा नाही. जोर दाखवायला घरी तुझी आई आहे."

गेल्या तीन महिन्यांत काकांच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकांनी घरात चकार शब्द काढला नाही. कापड ताणायला बोटं पुरत होती, पण फट बोटांनी बघता येत नाही. हात लागला की चेंडू हलतो. तरी काका वाकत राहिले. फट दिसायचीच नाही, म्हणून तीन महिने हॉलमधला प्रत्येक चेंडू चिकटलेलाच निघाला. कुणालाही शंका आली नाही. माणसावर विश्वास बसला की असंच होतं, आणि ती गोष्ट काकांना रात्रंदिवस खात होती.

हॉलच्या वार्षिक सामन्याचा शेवटचा डाव रविवारी दुपारी होता. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला हॉलमध्ये नेहमी खेळणारा एक वेल्डर. टेबलावर फक्त काळा चेंडू उरला होता, लांब काठाला लागून. पाळी मुलीची होती.

"काका, बघा," वेल्डर म्हणाला. आपला तो बाब्या, असं काका करणार नाहीत याची त्याला खात्री होती.

काका वाकले. समोर नुसता काळा डाग होता. हा सुटा असेल तर पोरगी तरेल, हे त्यांना माहीत होतं. सरळ होऊन ते म्हणाले, "मला दिसत नाही."

"उजेड वाढवू?"

"उजेडाचं नाही. तीन महिने झाले, मला फट दिसतच नाही."

वेल्डरने काठीला घासत असलेला खडू खाली ठेवला. "मागच्या महिन्यात माझा चेंडू चिकटलाय म्हणालात. मी तो डाव हरलो."

"तोही न दिसताच सांगितला," काका म्हणाले. "माझं चुकलं."

काकांना तिथून निघून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांचा शब्द होता तो, आणि त्यांनी स्वतःच तो मातीत घातला होता.

मुलगी टेबलाला वळसा घालून आली. वडिलांच्याच जागी उभी राहिली, एक डोळा मिटून वाकली. बराच वेळ बघितलं.

"चिकटलाय," ती म्हणाली.

मग तिने काठी घेतली. काकांना काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी कान दिला. एकच आवाज आला. काळा काठाकाठाने घरंगळत गेला, खिशाच्या तोंडाशी दोनदा खडखडला आणि तिथेच थांबला. वेल्डरने तो पुढच्या फटक्यात आत घातला आणि सामना जिंकला.

काका भिंतीकडच्या स्टुलावर जाऊन बसले. मुलगी शेजारी उभी राहिली आणि "बाबा, मला का नाही सांगितलं?" एवढंच म्हणाली.

पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी चेंडू काठाशी जाऊन थांबला. सवयीने हाक आली, "रबरकाका, जरा बघा."

काका उठायला निघाले आणि परत बसले. तेवढ्यात वेल्डर मुलीकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही बघा."