भुकटीचा सदरा

कागदाच्या कारखान्यात त्याला सगळे पिठ्या म्हणत. नाव ठेवणाऱ्यानं फार डोकं खाजवलं नसावं. पाळी संपवून हा गडी बाहेर पडला की भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या सगळं पांढरं, पिठाच्या गिरणीत लोळून आल्यासारखा.

त्याचं काम भुकटी कालवण्याचं. स्वस्तातल्या वह्यांच्या आणि हँडबिलांच्या कागदात नुसता लगदा घालणं मालकाला कुठून परवडणार? म्हणून शंखजिरं या मऊ दगडाच्या भुकटीची आणि खडूची पोती फोडायची, हौदात रिकामी करायची, कालवून लगद्यात सोडायची. त्यानं कागद वजनाला भरतो, गुळगुळीत होतो, शाई मागे उमटत नाही. वर चिमूटभर निळा रंग घातला की पांढरं आणखी पांढरं दिसतं. भुकटी जास्त झाली तर मात्र कागद घडीवरच तुटतो. पिठ्याचा हात कधी चुकला नाही आणि त्याला त्याचा तोराही होता. पोतं फोडण्याआधी नाका-तोंडाला ओलं फडकं बांधायलाही तो कधी विसरला नाही.

लग्न नवं होतं तेव्हा बायकोनं त्याचे कपडे सरळ बादलीत बुडवले. झालं! भुकटीचा चिखल झाला, मोरी तुंबली आणि सदरा वाळला तो पत्र्यासारखा. पिठ्या पोट धरधरून हसला.

"अगं वेडे, भुकटी एकदा भिजली की हटत नाही. आधी कोरडं झटकायचं, मग भिजवायचं."

तिनं ते मनावर घेतलं. संध्याकाळी तो दारात दिसला की तिचा हात पुढे, "आणा सदरा." बाहेर झटकलं तर शेजारीण कचाकचा भांडायची, तिच्या दोरीवरच्या कपड्यांवर थर बसायचा. म्हणून दार लावून मोरीपाशी, आतच. कवडशात धूळ तरंगत राही आणि बायको हसून म्हणे, "आमच्या घरात बारा महिने धुकं!" तिच्या तोंडाला फडकं नव्हतं. घरात कोण तोंड बांधून बसतं?

पुढे तिला धाप लागू लागली. पाण्याची कळशी उचलेना, मग बोलताना वाक्य पुरं होईना. पिठ्यानं हातातलं काम टाकून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "बाई, कारखान्यात किती वर्षं आहात?"

ती खोकता खोकता हसली. "कारखाना मी फाटकातूनसुद्धा पाहिला नाही हो. जातात ते हे."

मग डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून पिठ्याची छाती तपासली. ती बरी होती. डॉक्टर त्याच्याकडे बघून सावकाश बोलले. शंखजिऱ्याच्या दगडात कधी कधी दुसरा, तंतू सुटणारा दगड मिसळलेला असतो. ते तंतू छातीत रुतून बसतात आणि पुन्हा निघत नाहीत. "कपडे कोण झटकतं?" त्यांनी विचारलं. पिठ्यानं वळून दाराबाहेर बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्याच्या नळावर अंघोळ करू लागला, कपडे तिथेच भिजवू लागला. मोरी तुंबली तर तुंबू दे मालकाची! बायकोला मात्र त्यानं कारण सांगितलं नाही. तिला वाटलं, आपल्याच्यानं होत नाही म्हणून नवऱ्यानं काम काढून घेतलं, आणि ती रुसली.

मग ती अंथरुणाला खिळली. एका संध्याकाळी तो आला तशी उशीला टेकून तिनं हात पुढे केला.

"आणा ना सदरा. एवढं तर होईल माझ्याच्यानं."

त्यानं पिशवीतला धुतलेला, वाळलेला सदरा काढून तिच्या हातात दिला. तिनं दोन्ही मुठींत धरून तो झटकला. दुसऱ्यांदा हात उचललेच नाहीत. ती थोडा वेळ उजेडाकडे पाहत राहिली. काहीच उडालं नव्हतं.

"बघा," ती धापा टाकत म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं, "शिकलात एकदाचे... कपडे न मळवता... काम करायला."

पिठ्या हो म्हणाला. सदरा तिच्या हातून घेऊन तो मोरीपाशी गेला आणि तिला आवाज जाऊ नये म्हणून त्यानं तो सगळाच्या सगळा तोंडात कोंबला.