आप्पांचा हात

गाण्याच्या तालावर खेळायचा मोबाईल गेम आम्ही चौघं मिळून बनवत होतो. ठोका पडेल त्याच क्षणी पडद्यावर बोट टेकवायचं. उशीर झाला की लाल अक्षरांत 'चुकलं' असं उमटायचं. किती उशीर खपवून घ्यायचा हे मी ठरवायचे, आणि मी फार कडक होते.

सुट्टीला वडगावला गेले, तेव्हा पहिल्यांदा खेळायला दिला तो आप्पांना, माझ्या वडिलांना. आठवडाभर ते पॉवरलूमवर साड्या विणायचे आणि शनिवारी देवळात भजनाला तबला वाजवायचे. मागाच्या खडखडाटात नीट ऐकू यावं म्हणून माझे नवे वायरलेस इअरफोन मी त्यांच्या कानांत घातले.

जवळजवळ प्रत्येक ठोक्याला 'चुकलं' येऊ लागलं.

"आप्पा, मागं पडताय तुमी," मी हसत म्हणाले.

त्यांनी पुन्हा दोनदा खेळून पाहिलं. मग इअरफोन काढून माझ्या हातात ठेवले. "माग चालवून कान गेलं असतील गं. हात बी मंदावलाय."

त्यांना धीर द्यायचं सोडून मी वहीत टिपलं: वयस्कर लोकांसाठी सोपी पातळी हवी.

पुढच्या शनिवारी ते भजनाला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला वाटलं, दमले असतील.

दोन महिन्यांनी इतरांच्याही तशाच तक्रारी आल्या. शोधलं तेव्हा कळलं, वायरलेस इअरफोनमध्ये आवाजच किंचित उशिरा पोचतो. आप्पांना ठोका ऐकू यायचा त्याच क्षणी त्यांचं बोट पडत होतं. चूक माझ्या गेमची होती.

मी घरी जाऊन त्यांना सगळं समजावलं.

"म्हंजे माझं चुकत न्हवतं?"

"न्हाय आप्पा. माझंच चुकलं."

"असू दे गं."

त्या शनिवारी ते तबल्यावर बसले. पूर्वी डोळे मिटून वाजवायचे. आता ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत होते, मधेच पेटीवाल्याच्या तोंडाकडे बघत होते. दोन अभंग झाल्यावर त्यांनी तबला शेजारच्याकडे सरकवला आणि टाळ घेतले.

आता आमचा गेम आधी इअरफोनचा उशीर मोजतो, मगच खेळ सुरू करतो. लोक त्याचं कौतुक करतात.

परवा आप्पांना विचारलं, "तबला परत कधी?"

"बघू," एवढंच म्हणाले. मी पुन्हा विचारलेलं नाही.