चुन्याची रेघ

माझे वडील फौजेतून मेजर म्हणून रिटायर होऊन पिंगळीजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी लोखंडी ट्रंक आली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर. ती ओसरीवर ठेवली आणि तिथंच राहिली, कुलूपबंद. बदल्यांपायी आईनं सतरा घरं मांडली होती आणि मोडली होती. तिचं एवढंच म्हणणं होतं की ही ट्रंक उघडा, कपडे खुंटीला लावा, म्हणजे मला आपण घरी आलोत असं वाटेल. अण्णा म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू." असं करत दीड वर्ष गेलं.

माणूस घरात होता, पण बूड टेकत नव्हता. पहाटे दाढी, बुटांना पॉलिश, आणि मग चालत पिंगळी स्टेशनला, पॅसेंजर बघायला. त्या गाडीनं कुणी येणार नसायचं, कुणी जाणार नसायचं. गाडी किती उशिरा आली ते परत येऊन आईला सांगायचे, जणू तिनंच ती अडवून धरली होती. मी परभणीला कॉलेजात होते, शनिवारी घरी यायचे. खरं सांगते, त्यांच्या येरझाऱ्यांची मला चीड यायची. ओसरीवर अभ्यासाला बसावं तर कानात बूटच वाजायचे.

गावात त्यांचं जमायचं ते एकाच माणसाशी. दलित वस्तीतला, फौजेतूनच नाईक म्हणून परतलेला. पेन्शनीच्या पैशातून त्यानं बैलजोडी घेतली होती आणि दोन एकर रान कसत होता. अण्णा त्याला हुद्द्यानंच, 'नाईक' म्हणून हाक मारायचे आणि आग्रहानं खुर्चीवर बसवायचे. घरातली थोरली काकू त्याचा कप वेगळा विसळून वळचणीला खोचायची. ते अण्णांना कधी दिसलं नाही. मला दिसायचं, आणि मी गप्प बसायचे.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्याच्या दुसऱ्या वर्षाचा पोळा. आमच्या गावात काही जळलं नव्हतं, याचा गावाला भारी अभिमान. पण वस्ती आणि गाव कामापुरतंच बोलत होते. पोळ्याला वेशीत तोरण बांधायचे. मानाची जोडी आमची. थोरले काका ती घेऊन तोरण तोडायचे, मागून सगळं गाव आपापल्या उतरंडीनं. वस्तीतल्या बैलांनी सगळे गेल्यावर, सगळ्यांच्या शेवटी जायचं.

अण्णांनी ठरवलं की यंदा आपल्या मागं नाईकची जोडी. आधी ते वस्तीत जाऊन नाईकला शब्द देऊन आले, आणि मग गावाला विचारलं. विचारलं कसलं, पारावर उभं राहून सांगितलं. सगळे म्हणाले, "जी, मेजरसाब." थोरले काकाही म्हणाले, "जसं तू म्हनशील." अण्णा खूश. फौजेत 'जी' म्हटलं की काम झालं. आमच्या गावात 'जी' म्हणजे तुमचं बोलून झालं असेल तर आम्ही निघतो. इतकी वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मी सांगू शकले असते.

पोळ्याच्या सकाळी त्यांनी वेशीपासून मारुतीपर्यंत चुन्याची सरळ रेघ मारली. परेडला मारतात तशी. बायका बघून पदराआड हसल्या.

दुपारी काकांनी तोरण तोडलं. नाईक जोडी घेऊन वेशीत आला. बैलांच्या पाठीवर त्याच्या बायकोनं शिवलेली निळी झूल, शिंगांना बेगड. तो वेशीत शिरला आणि मागची सगळी रांग वळली. कुणी ओरडलं नाही, दगड उचलला नाही. लोकांनी कासरे वळवले आणि ओढ्याच्या वाटेनं बैल घरी नेले. वाजंत्री थांबली. काका खाली बघत उभे. नाईकही थबकला. त्याला मागं फिरायचं होतं, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. अण्णांचा आवाज चढला, "नाईक, आगे बढो."

तो पुढं गेला. रेघेवरून, मारुतीला वळसा घालून, एकटा.

नंतर त्याच्या बैलांना कुणी भाड्यानं बोलावलं नाही. गिरणीत त्याचं दळण दोन दोन दिवस तसंच पडून राहायचं. रानात जायची वाट बांधावरून होती, त्या बांधावर बाभळीच्या काट्या पडल्या. अण्णा दारोदार फिरले. सगळे म्हणाले, जी. काकांशी भांडले, जेवण टाकलं, आणि पुन्हा पिंगळीची गाडी बघायला गेले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी तेव्हा घरातच बघितलं.

दिवाळीनंतर नाईक आला. बैल विकले होते. औरंगाबादला वॉचमनची नोकरी मिळत होती, बायकापोरांना घेऊन चालला होता. खुर्चीवर बसला नाही.

"मी आहे ना इथं," अण्णा म्हणाले. "कशाला जातोस?"

नाईकनं ओसरीवरच्या ट्रंकेकडं बघितलं. "साब, तुमी हाव, पन तुमची पेटी भरून तयार हाय. उद्या तुमी उचलून जाताल. मला हितंच ऱ्हायचं होतं. म्या तर पेन्शनीत बैल घेतले."

अण्णा उठले. मग आत जाऊन किल्ली घेऊन आले. वर्दी, पट्टे, लोकरीचे मोजे, बिल्ले, सगळं काढून चटईवर ठेवलं. आई दारात उभी होती. दीड वर्ष ज्याची वाट बघितली ते तिच्या समोर घडत होतं, आणि तिनं डोळ्याला पदर लावला होता. ट्रंक रिकामी झाल्यावर अण्णांनी वस्तऱ्यानं झाकणावरचं आपलं नाव खरवडलं आणि त्या जागी नाईकचं नाव, नंबर, स्वतःच्या हातानं घातला. रंग वाळेपर्यंत दोघं शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ती ट्रंक भरून स्टेशनला निघाली. एक कडी नाईकच्या हातात, दुसरी अण्णांच्या. दोघं वेशीतूनच गेले.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं त्या गावात राहिले. गाडी बघायला पिंगळीला पुन्हा कधी गेले नाहीत.