माझं तेलुगू आणि श्रावणची वाम

माझ्या मेव्हण्याने साप घरी आणला नव्हता.

एवढं साधं वाक्य लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. आमच्या नात्यात, जैनथपासून थेट पैनगंगेपलीकडच्या सोयऱ्यांपर्यंत, लग्न असो की बारसं, पंगतीत हा किस्सा निघायचाच : श्रावणने वाम मासा समजून साप धरला आणि बहिणीच्या चुलीपाशी आणून ठेवला! सगळे हसायचे. मीही हसायचो. (सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो.)

श्रावण म्हणजे माझ्या बायकोचा, कमलचा, धाकटा भाऊ. दर भाऊबीजेला नदी ओलांडून आदिलाबादला यायचा आणि आला की सरळ स्वयंपाकघरात शिरायचा. बैठकीत बसणं त्याला माहीतच नव्हतं. चुलीजवळ मांडी घालायची, कमलने तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकायची, आणि दोघांनी मला जेमतेम ऐकू येईल अशा बेताने मला हसायचं. त्या हसण्याचा तेव्हा मला राग यायचा. आता ते ऐकायला मिळावं म्हणून मी काहीही देईन.

त्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी श्रावण म्हणाला, "भाऊजी, चाला मासोळ्या धराले. ताईले ताज्या मासोळीचं कालवण आवडते."

स्कूटर काढली आणि इचोड्याच्या पुढे डोंगरातल्या एका तलावावर गेलो. चारी बाजूंनी साग, मध्ये पाणी, आणि पाण्यावर आम्ही सोडून सगळे पक्षी मासे पकडत होते. आम्ही गळ टाकून बसलो. गांडुळं संपली, कणकेच्या गोळ्या संपल्या, शेवटी डब्यातली चटणी लावून पाहिली. माशांनी चटणी चाखलीही नसावी, कारण पाणी मागायला एकही वर आला नाही! पण दिवस फार सुंदर होता. श्रावण लहानपणच्या कमलच्या खोड्या सांगत होता, मी पोट धरून हसत होतो. त्याच्यासारखी सोबत मला पुढे कुणाची मिळाली नाही.

ऊन उतरलं आणि श्रावणचा गळ ताणला गेला. गवताच्या गचपणात काहीतरी लांब, काळपट, गुळगुळीत वळवळत होतं. डोकं चिखलात, शेपूट गवतात. समोरच्या बांधावर एक माणूस म्हशी धूत होता. तो दोन्ही हात हलवून ओरडला, "पामु! पामु! वदिलेय्!"

"भाऊजी, काय म्हंते तो?"

इथे वाचकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. मी कचेरीतला कारकून. मला तेलुगू येतं अशी सासुरवाडीत माझी ख्याती होती, आणि ती मीच पसरवली होती. प्रत्यक्षात मला येत होतं तीनच : 'कूर्चो' म्हणजे बस, 'आगु' म्हणजे थांब, आणि 'रेपु रा' म्हणजे उद्या ये. एवढ्यावर माझी अख्खी नोकरी निभावली!

मी ठामपणे म्हणालो, "वाम म्हणतो. वाम! धर!"

"अन् ते वदिलेय्?"

"वदले, म्हणजे बोलले. 'वाम बोललो ना' म्हणतो."

(पामु म्हणजे साप. वदिलेय् म्हणजे सोडून दे.)

"भाऊजी, हे सापावानी दिसून राह्यलं..."

"तेलुगू तुला येतं की मला?"

 श्रावणने खांद्यावरचा दुपट्टा टाकून ते लांबलचक प्रकरण धरलं, पिशवीत कोंबलं, सुतळीने तोंड बांधलं. बांधावरचा माणूस कपाळाला हात लावून म्हशींकडे वळला. मला वाटलं, बिचाऱ्याला आमचा हेवा वाटला!

स्कूटरवर पिशवी श्रावणच्या मांडीवर होती. "भाऊजी, हे लय हालून राह्यलं!"

"ताजी आहे!"

घरी कमलने मसाला वाटून ठेवला होता. पिशवी चुलीपाशी ठेवून श्रावण मागे हातपाय धुवायला गेला, मी न्हाणीघरात. शेजारच्या तेलुगू पद्माक्का कौतुकाने मासा पाहायला आल्या. कमलने सुतळी सोडली आणि पद्माक्कांची किंकाळी आली, "पामु! पामु!"

मी आतून आनंदाने ओरडलो, "हो हो, वामच आहे!"

मग पातेली पडल्याचा आवाज आला. मग पिठाचा डबा. मग पद्माक्का, बहुधा. टॉवेल गुंडाळून धावत आलो तर कमल ओट्यावर, पद्माक्का पाटावर, सगळीकडे पीठ, आणि त्या पिठातून नागमोडी रेघ काढत पाण्यातला तो बिनविषारी साप मोरीकडे निघालेला. आमच्या घरात त्या क्षणी शांत असा तो एकटाच होता! मोरीतून तो गेला. मला मात्र जायला जागा नव्हती.

"कोनं आनलं हे घरात?" कमलने ओट्यावरूनच विचारलं.

"श्रावणला वाम वाटली," मी म्हणालो.

दारात श्रावण उभा होता. ओल्या हातांनी. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या टॉवेलकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो ताई. मलेच वाटली."

"चाल नीघ! माह्या चुलीपाशी पाय ठेवू नको पुन्हा!"

रागातलं बोलणं. कमल दुसऱ्या दिवशी विसरली. श्रावण विसरला नाही. पुढच्या भाऊबीजेला आला तो बैठकीत बसला, पाहुण्यासारखा. कमलने हाका मारल्या तर म्हणाला, "इथंच बरं हाये, ताई." सोयऱ्यांत त्याचं नाव 'वाममामा' पडलं. कमल बैठकीत ताट नेईपर्यंत भाकरी गार व्हायची, आणि आतून हसू ऐकू यायचं बंद झालं.

मागच्या वर्षी त्याने अंथरूण धरलं. त्याला भेटायला निघालो तेव्हा ठरवलं, आज माफी मागायची. पण मराठीत तो शब्द तोंडातून फुटेना. मग पद्माक्कांना विचारलं, "माफ कर, हे तेलुगूत कसं म्हणतात?" त्या म्हणाल्या, "क्षमिंचु." परक्या भाषेत लाज कमी वाटते. बसमध्ये पैनगंगेचा पूल येईस्तोवर घोकत होतो.

कमल त्याच्या उशाशी बसून भाकरी दुधात कुस्करून भरवत होती. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "श्रावण, क्षमिंचु."

तो हसला. "तेलुगू व्हय? काय म्हंता भाऊजी? मराठीत सांगा ना."

कमलने मान वर केली. दोघंही माझ्याकडे पाहत होते, पूर्वी चुलीपाशी पाहायचे तसे.

"म्हणालो, लवकर बरा हो."

"भाऊजीचं तेलुगू लय पक्कं हाये," श्रावण कमलला म्हणाला आणि डोळे मिटून हसत राहिला. यंदाच्या भाऊबीजेला तो नव्हता.

श्रावणसाठी आयुष्यात दोनदाच मी तेलुगूचं मराठी केलं. दोन्ही वेळा चुकीचं!